पांढरे पट्टे आणि पादचाऱ्याचा हक्क

मोटार, बस वा आगगाडी, कोणत्याही वाहनाने केलेल्या प्रवासाचा आरंभ आणि शेवट पायीच होतो. एस.टी.तून उतरून गावाकडे वळणारा शेतकरी, लोकलमधून बाहेर पडलेला नोकरदार, दप्तर घेऊन शाळेला निघालेली मुलगी आणि घरासमोर मोटार उभी करून पलीकडच्या दुकानातून औषध आणावयास जाणारा गृहस्थ, हे सारे दिवसातून काही काळ तरी पादचारीच असतात. असे असूनही रस्त्याचा विचार करताना पादचारी सर्वांत शेवटी आठवतो. रस्ता किती वाहने वाहून नेतो, याची मोजदाद काळजीपूर्वक होते. तोच रस्ता किती माणसे आडवा ओलांडतात, हे क्वचितच मोजले जाते.

या विस्मरणाची किंमत केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांत नोंदलेली आहे. २०२२ मध्ये देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दिवसाला सरासरी ९० माणसे केवळ पायी चालत असताना वा रस्ता ओलांडत असताना प्राणास मुकली. २०१६ मध्ये हा आकडा १५,७४६ होता. सहा वर्षांत तो दुपटीवर गेला आणि २०२३ मध्ये त्याने ३५ हजारांचा टप्पाही ओलांडला. या वाढीत पूर्वी नीट न होणारी नोंद आता अधिक काटेकोरपणे होऊ लागल्याचा काही भाग असावा. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत रस्ते सुरक्षिततेचा दीर्घकाळ अभ्यास करणारे प्रा. दिनेश मोहन हे, सरकारी आकडेवारीत पादचाऱ्यांचे मृत्यू कमी दिसतात, असे सातत्याने सांगत असत. तेव्हा आज दिसणारा आकडा मोठा वाटत असला, तरी तो अतिशयोक्त मानण्याचे कारण नाही. एकट्या महाराष्ट्रात २०२२ साली रस्ते अपघातांत सर्व मिळून १५ हजारांहून अधिक बळी गेले.

या मृत्यूंमागे अनेक कारणे असतात. त्यांतील एक मात्र असे आहे, की त्याचा अनुभव शहरात राहणाऱ्या प्रत्येकास दररोज येतो. रस्त्यावर पांढरे पट्टे आखलेले असतात, त्यांवर माणूस उभा असतो आणि एकही वाहन थांबत नाही.

पट्ट्यांचा जन्म

मोटारीच्या धक्क्याने पादचारी दगावल्याची ब्रिटनमधील पहिली नोंद १७ ऑगस्ट १८९६ ची आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल या ४४ वर्षांच्या स्त्रीला मोटारीने धडक दिली. मोटारीचा वेग जलद चालणाऱ्या माणसाच्या वेगाहून फारसा अधिक नसावा. असे पुन्हा कधी घडू नये, अशी आशा चौकशी करणाऱ्या मृत्युसमीक्षकाने व्यक्त केल्याचे सांगतात.

ही आशा अल्पायुषी ठरली. मोटारी वाढल्या, त्यांचा वेग वाढला आणि १९३४ च्या सुमारास ब्रिटनचे वाहतूकमंत्री लेस्ली होअर-बेलिशा यांच्या पुढाकाराने पादचाऱ्यांनी ओलांडावयाच्या जागा निश्चित करण्यात आल्या. त्या जागी काळ्या-पांढऱ्या खांबांवर नारिंगी गोल बसवले गेले. परंतु वेगात येणाऱ्या चालकास रस्त्याचा पृष्ठभाग दिसतो, कडेचा खांब सहज दिसत नाही. म्हणून रस्त्यावरच ठळक पट्टे रंगवण्याचे प्रयोग झाले आणि ३१ ऑक्टोबर १९५१ रोजी स्लाव या गावी पहिले ‘झेब्रा क्रॉसिंग’ अस्तित्वात आले. या पट्ट्यांबरोबर कायद्याचे वचनही आले. पट्ट्यावर पाऊल ठेवणाऱ्या पादचाऱ्यास अग्रहक्क असून चालकाने थांबलेच पाहिजे, हे ते वचन होय.

जगभर पट्टे पसरले. ते भारतातही आले. वचनाचा अर्धा भाग मात्र वाटेत कोठेतरी हरवला. येथील बहुसंख्य चालकांच्या मनात या पट्ट्यांचा अर्थ ‘पादचाऱ्याने प्रयत्न करून पाहावयाची जागा’ एवढाच उरला आहे. पादचाऱ्याच्या मनातही तोच अर्थ रुजला आहे, ही त्याहून गंभीर गोष्ट. एखाद्या चालकाने खरोखरच वाहन थांबवून हाताने खूण केली, तर पादचारी आधी गोंधळतो आणि मग आभार मानत धावत पलीकडे जातो. जे त्याच्या हक्काचे आहे, ते त्यास कृपा वाटते.

कायदा काय म्हणतो

कायद्यात संदिग्धता नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ खाली १९८९ मध्ये जे रस्त्याचे नियम झाले, त्यांतच अनियंत्रित पादचारी मार्गावर पादचाऱ्यास अग्रहक्क दिलेला होता. अनियंत्रित म्हणजे जेथे सिग्नल नाही वा पोलीस उभा नाही, असा मार्ग. या नियमांची जागा २०१७ च्या मोटार वाहन (वाहनचालन) विनियमांनी घेतली आणि त्यांत हीच गोष्ट अधिक स्पष्ट झाली. अशा पट्ट्यांजवळ येताना चालकाने वेग कमी करावा, थांबावे आणि पादचाऱ्यांस तसेच चाकांच्या खुर्चीवरून जाणाऱ्यांस वाट द्यावी. पुढे वाहनांची रांग अडली असेल, तर पट्ट्यांवर वाहन आणून उभे करू नये. पदपथावर वाहन चालवू नये. विनियमांचा भंग केल्यास २०१९ च्या दुरुस्तीने ५०० ते १००० रुपये दंड ठरवला आहे. भरधाव वा निष्काळजीपणाने वाहन चालवून कोणाचा मृत्यू घडवल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेखाली पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

एवढे असूनही शिरस्त्राण न घातल्याबद्दल वा सिग्नल मोडल्याबद्दल दंड भरणारे ज्या संख्येने भेटतात, त्या संख्येने पट्ट्यांवर वाट न दिल्याबद्दल दंड भरणारे भेटत नाहीत. शिरस्त्राणाचा अभाव छायाचित्रात दिसतो. ‘वाट दिली नाही’ हे सिद्ध करण्यास पादचारी, वाहन आणि त्यांमधील अंतर ही तिन्ही एका क्षणी टिपावी लागतात. ही तांत्रिक अडचण खरी आहे. तरीही एखाद्या ठरावीक ठिकाणी साध्या वेशातील पोलीस कर्मचारी रस्ता ओलांडतो व पुढे उभे असलेले सहकारी न थांबणाऱ्या वाहनास अडवतात, ही साधी पद्धत काही देशांत रूढ आहे आणि तिला महागड्या यंत्रांची गरज लागत नाही.

वाहन चालवण्याच्या शिक्षणातही हा विषय दुबळाच राहतो. शिकाऊ अनुज्ञप्तीच्या चाचणीत पादचारी मार्गाविषयीचा प्रश्न येऊ शकतो. परंतु ६० टक्के उत्तरे बरोबर आली की उमेदवार उत्तीर्ण होतो. तो प्रश्न नेमका चुकलेला उमेदवारही अनुज्ञप्ती घेऊन रस्त्यावर येऊ शकतो. ‘आधी उजवीकडे पाहा, मग डावीकडे पाहा’ हा उपदेश प्रत्येक मराठी मुलाने लहानपणापासून ऐकलेला असतो. पोलादी वाहन हाती घेणाऱ्यास तितक्याच आग्रहाने केलेला उपदेश कोणास आठवतो का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

चालक का थांबत नाही

चालक उद्दाम असतो, हे एक सोपे उत्तर आहे. काही चालक तसे असतातही. परंतु तोच चालक सिग्नलवर, विशेषतः पोलीस उभा असल्यास, निमूटपणे थांबतो. टोल नाक्यावर थांबतो. समोर म्हैस आडवी आली तरी थांबतो. याचा अर्थ थांबण्याची क्षमता त्याच्याजवळ आहे. पट्ट्यांजवळ आल्यावर त्याला थांबण्यासारखे काही आहे असे वाटत नाही.

याची कारणे रस्त्यातच सापडतात. सरळ, रुंद, गुळगुळीत रस्ता चालकास वेगाचे निमंत्रण देत असतो. अशा रस्त्यावर चौकापासून दूर कोठेतरी आखलेले, वर्षभरात झिजून पुसट झालेले पट्टे त्या निमंत्रणापुढे टिकत नाहीत. थांबावे असे वाटले, तरी मागून येणाऱ्या वाहनाची भीती असते. ज्या रस्त्यावर कोणीच थांबत नाही, तेथे एकट्याने ब्रेक लावणारा मागून धडक ओढवून घेतो. मग थांबणे हाच अविचार ठरतो आणि न थांबणे ही रीत बनते.

पादचारीही या रीतीशी जुळवून घेतो. सर्व रस्ता मोकळा होण्याची वाट पाहिली, तर दिवस मावळेल, हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो एक-एक मार्गिका ओलांडतो. एक वाहन गेले की दोन पावले पुढे, मग दोन प्रवाहांमधील चिंचोळ्या जागेत अंग चोरून उभे राहणे, पुन्हा दोन पावले. हात उंचावून वाहनास थोपवण्याची ती परिचित मुद्रा याच प्रवासातील आहे. बाहेरून पाहणाऱ्यास हे बेशिस्तीचे लक्षण वाटते. प्रत्यक्षात उपलब्ध परिस्थितीत पलीकडे पोहोचण्याचा तो एकच मार्ग असतो. तरुण, निरोगी माणसास तो साधतो. आजीस, गरोदर स्त्रीस, कुबड्या घेतलेल्या माणसास तो साधत नाही.

याहून घातक प्रसंग एका चालकाच्या चांगुलपणातून उद्भवतो. पदपथालगतच्या मार्गिकेतील बस पादचाऱ्यास वाट देण्यासाठी थांबते. पादचारी बसच्या पुढून निघतो. पलीकडच्या मार्गिकेतून येणाऱ्या मोटारसायकलस्वारास बस थांबलेली दिसते, पण का थांबली हे दिसत नाही. तो वेग न कमी करता पुढे येतो. बसच्या आडून बाहेर पडणारा पादचारी आणि तो एकमेकांस दिसतात, तेव्हा दोघांमध्ये काही हातांचेच अंतर उरलेले असते. म्हणूनच थांबरेषा पट्ट्यांच्या अगदी कडेला न आखता काही मीटर अलीकडे आखावी, असे तज्ज्ञ सांगतात. थांबलेले वाहन मागे राहिले, की दुसऱ्या मार्गिकेतील चालकास पट्टे आणि माणूस दोन्ही वेळीच दिसतात.

वेगाचे गणित

वेगाविषयी पुष्कळ बोलले जाते. त्याचे गणित मात्र फारसे मांडले जात नाही. ते अवघड नाही.

समोर माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध चालकासही सुमारे एक सेकंद लागतो. त्या एका सेकंदात वाहन पूर्वीच्याच वेगाने धावत असते. ताशी ३० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला सव्वाआठ मीटर जाते. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागून ते आणखी पाच मीटरांच्या आसपास थांबते. एकूण अंतर १३ मीटरांच्या थोडे पुढे. आता तोच चालक ताशी ५० किलोमीटरने येत आहे असे समजू. पहिल्या एका सेकंदातच त्याचे वाहन जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेले असते. म्हणजे माणूस १३ मीटरांवर असेल, तर ३० च्या वेगाचे वाहन त्याच्यापाशी येता येता थांबलेले असते आणि ५० च्या वेगाचे वाहन ब्रेक लागण्यापूर्वीच, पूर्ण वेगानिशी, त्याच्यावर आदळलेले असते. पूर्ण थांबण्यास त्याला २८ मीटरांच्या आसपास अंतर लागते. रस्ता ओला असेल, टायर झिजलेले असतील वा वाहन अवजड असेल, तर ही अंतरे याहून वाढतात. चालकाची नजर हातातील दूरध्वनीवर असेल, तर पहिल्या एका सेकंदाचे दोन-तीन सेकंद होतात आणि हे सारे गणितच मोडून पडते.

आघाताचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० ऐवजी ५० किलोमीटरने बसलेल्या धडकेतील ऊर्जा पावणेतीन पट असते, ६० ने बसलेल्या धडकेतील चौपट. मानवी हाडे आणि कवटी यांची सहनशक्ती मात्र तीच राहते. म्हणूनच पादचारी आणि वाहने जेथे एकत्र येतात, तेथे कमाल वेग ताशी ३० किलोमीटर असावा, असा आग्रह २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोम येथे झालेल्या जागतिक रस्ते सुरक्षा परिषदेच्या घोषणापत्राने धरला. आपल्याकडे २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने नगरपालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींसाठी ताशी ७० आणि दुचाकींसाठी ताशी ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा ठरवली. स्थानिक परिस्थितीनुसार ती कमी करण्याचा अधिकार राज्यांना आहे. शाळा, रुग्णालय, बाजारपेठ यांच्या परिसरात तो वापरण्यास कोणाची आडकाठी नसावी.

आता पादचाऱ्याच्या बाजूने तेच गणित पाहू. रस्त्यांची मानके ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस ओलांडण्याच्या वेळेचा हिशेब करताना चालण्याचा वेग साधारणतः सेकंदाला १.२ मीटर धरते. दुभाजक नसलेला चौपदरी रस्ता १४ मीटर रुंद असतो. तो ओलांडण्यास या वेगाने सुमारे १२ सेकंद लागतात. ताशी ५० किलोमीटरने येणारे वाहन तेवढ्या वेळात १६० मीटर अंतर तोडते. म्हणजे दोन्ही दिशांना १६० मीटरपर्यंत एकही वाहन नसेल, तरच माणूस निर्धास्तपणे पलीकडे जाऊ शकतो. वृद्ध माणूस सेकंदाला ०.८ मीटर चालला, तर हेच अंतर २४० मीटरांच्या वर जाते. गजबजलेल्या रस्त्यावर अशी फट दुपारच्या वेळीसुद्धा मिळत नाही. त्याच रस्त्याच्या मध्यभागी दोन मीटर रुंदीची, कठड्याने सुरक्षित केलेली उभे राहण्याची जागा केली, की परिस्थिती बदलते. एका वेळी सात मीटरच ओलांडावयाचे असतात आणि एकाच दिशेकडे पाहावे लागते. आवश्यक फट निम्म्यावर येते.

रंगापेक्षा उंचवटा बरा

या गणिताचा निष्कर्ष असा, की पट्ट्यांना वेग कमी करणाऱ्या रचनेचा आधार हवा. त्या रचनांपैकी सर्वांत उपयुक्त म्हणजे उंचावलेला पादचारी मार्ग. पदपथाच्या पातळीवर रस्ताच उचलून घेतला जातो आणि त्यावर पट्टे आखले जातात. पादचाऱ्यास खाली उतरावे लागत नाही. चाकांची खुर्ची व बाळाची गाडी सरळ जाते. वाहनास मात्र चढावे लागते, म्हणून ते हळू होतेच. चालकाची सदिच्छा असो वा नसो.

गतिरोधकाचा अनुभव याउलट वाईट आहे, कारण तो बहुधा मानकानुसार बांधलाच जात नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातील गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. त्यावरून ताशी २५ किलोमीटरने वाहन सुखरूप जाते. गल्लीबोळांत रातोरात उभे राहणारे हातभर रुंदीचे उभट उंचवटे पाठीचे मणके खिळखिळे करतात आणि दुचाकीस्वारांस पाडतात. त्यांची गणना सुरक्षा साधनांत करता येत नाही.

चौकांतील डाव्या वळणाकडेही लक्ष वेधले पाहिजे. डावीकडे वळणाऱ्या वाहनांना सिग्नलची वाट पाहावी लागू नये म्हणून अनेक चौकांचे कोपरे मोठ्या वर्तुळाकृतीने कापले गेले आहेत. वाहन न थांबता, वेग न कमी करता वळते. पादचाऱ्यास हिरवी खूण मिळालेली असते. पण त्याच्या पहिल्याच पावलापाशी ही वळणारी रांग अखंड चालू असते. कोपरा तोडून थोडा टोकदार केला, की वाहनास वेग उतरवावा लागतो आणि पादचाऱ्याचे ओलांडण्याचे अंतरही घटते. याला फार खर्च लागत नाही. पट्ट्यांच्या अलीकडे उभ्या केलेल्या मोटारी, टेम्पो आणि कचऱ्याच्या पेट्या हटवण्यास तर त्याहूनही कमी लागतो. आठ वर्षांच्या मुलाची उंची उभ्या मोटारीच्या छतापेक्षा कमी असते. तो रस्त्यावर पाऊल टाकेपर्यंत चालकास दिसतच नाही.

पूल आणि पायऱ्या

पादचाऱ्यांच्या प्रश्नावर आपल्याकडे सर्वप्रथम सुचणारा उपाय म्हणजे पादचारी पूल. रेल्वेमार्ग, द्रुतगती मार्ग, महामार्ग यांवर त्याला पर्याय नाही. शहरातील रस्त्यावर मात्र त्याची उपयुक्तता मर्यादित ठरते. खालून उंच वाहने जावीत म्हणून पूल साडेपाच मीटर तरी उंच ठेवावा लागतो. म्हणजे रस्त्यापलीकडच्या दुकानात जाण्यासाठी माणसाने चाळीसच्या आसपास पायऱ्या चढावयाच्या आणि तितक्याच उतरावयाच्या. ज्यांना सुरक्षिततेची सर्वाधिक गरज आहे, त्या वृद्धांना आणि अपंगांना तो पूल बंदच असतो.

मुंबईत २००८ मध्ये वांद्रे स्थानकाच्या पूर्वेस पहिला ‘स्कायवॉक’ खुला झाला आणि पुढे महानगर प्रदेशात अशा अनेक उन्नत मार्गांची बांधणी झाली. जेथे ते रेल्वे पुलाशी थेट जोडलेले आहेत आणि प्रवाशास मुळातच वर चढावे लागते, तेथे त्यांवर गर्दी असते. जेथे जमिनीवरून वर चढून पुन्हा खाली यावे लागते, तेथे लोक खालूनच जाणे पसंत करतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी कोसळून माणसे मृत्युमुखी पडली, त्या दुर्घटनेने पुलांच्या देखभालीचा प्रश्नही ऐरणीवर आणला. त्या जागी नवा पूल उभा राहिला आहे.

काही वेगळे प्रयत्नही राज्यात झाले आहेत. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये स्वतंत्र पादचारी धोरण स्वीकारले. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद करून बाके, झाडे आणि वाहनतळाच्या ठरावीक जागा यांची नव्याने मांडणी झाली. आज तेथे संध्याकाळी चालणाऱ्यांची संख्या पाहिली, की जागा मिळाल्यास लोक चालतात, याविषयी शंका उरत नाही. ११ डिसेंबर २०२१ रोजी गर्दीचा लक्ष्मी रस्ता काही काळ केवळ पादचाऱ्यांसाठी राखून ‘पादचारी दिन’ साजरा झाला. मुंबईत २०२० साली दादर–माहीम भागातील सिग्नलवर पुरुषाच्या आकृतीऐवजी स्त्रीची आकृती झळकली. त्या बदलाचे देशभर कौतुक झाले. आकृती कोणाचीही असो, हिरवा दिवा किती सेकंद राहतो, हे अधिक महत्त्वाचे आहे आणि त्याकडे मात्र कौतुक करणाऱ्यांचे लक्ष फारसे गेले नाही.

महामार्गालगतची गावे

शहराबाहेरचे चित्र वेगळे आणि अधिक कठोर आहे. पूर्वीचा दुपदरी रस्ता चौपदरी होतो. गाव एका बाजूस, शाळा, दवाखाना वा शेते दुसऱ्या बाजूस राहतात. एस.टी. मुंबईच्या दिशेने जाताना अलीकडे थांबते, येताना पलीकडे. भुयारी मार्ग अर्धा किलोमीटर दूर असेल, तर डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली बाई तो वळसा घालत नाही, दुभाजक ओलांडते. येथे वेग ताशी ८०–१०० किलोमीटर असतो, रात्री दिवे नसतात आणि धडक देणारे वाहन पुष्कळदा थांबतही नाही. पोलीस नोंदीत ‘अज्ञात वाहनाची धडक’ एवढीच ओळ राहते.

ज्या राज्यात दरवर्षी आषाढीला लक्षावधी वारकरी पायी पंढरपुरास जातात, तेथे चालणाऱ्यांची महामार्गावरील जागा हा काही नवा विषय नाही. संत ज्ञानेश्वर महाराज आणि संत तुकाराम महाराज पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली, तेव्हा पालखीबरोबर चालणाऱ्यांसाठी दोन्ही बाजूंस स्वतंत्र पायवाटेची तरतूद योजनेतच करण्यात आली. वर्षातून काही दिवसांच्या वाटचालीसाठी जे सुचले, ते वर्षभर शाळेत चालत जाणाऱ्या मुलांसाठी इतर महामार्गांवरही सुचावयास हवे.

अज्ञात वाहनाच्या धडकेत मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीस ५० हजार रुपये भरपाई देण्याची केंद्रीय योजना १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली. २०२५ च्या मे महिन्यात अधिसूचित झालेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीस अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोकड उपचार मिळू शकतात. जखमीस रुग्णालयात पोहोचवणाऱ्या माणसावर कोणतेही दायित्व येत नाही आणि त्याने आपले नाव सांगण्याची सक्ती नाही, हे संरक्षण २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमातच आणले. या तरतुदी गावोगावच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लागल्या, तर त्यांचा उपयोग होईल. रात्री-अपरात्री जखमीजवळ थांबावे की निघून जावे, अशा संभ्रमात पडणारे लोक आजही आहेत.

जबाबदारी कोणाची

पादचाऱ्याचा अपघात झाला, की ‘चूक कोणाची’ या प्रश्नाचे उत्तर चालक आणि पादचारी या दोघांतच शोधले जाते. रस्ता बांधणारा त्यात येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने ही मर्यादा काही अंशी ओलांडली. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास जबाबदार प्राधिकरण, कंत्राटदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही. मात्र पुसलेले पट्टे, बंद पडलेला दिवा वा मध्येच संपणारा पदपथ हाही अपघाताचे कारण असू शकतो, ही गोष्ट प्रथमच कायद्याच्या भाषेत आली.

पदपथ हे पादचाऱ्यांच्या वापरासाठी असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथवासीयांच्या प्रकरणात नमूद केले होते. २०२५ च्या मे महिन्यात त्याच न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. वापरण्यायोग्य पदपथ मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सांगून न्यायालयाने राज्यांना पादचाऱ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आखण्याचा आदेश दिला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आणखी एका आदेशान्वये राज्यांना मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३८ (१अ) खाली पादचाऱ्यांविषयी नियम करण्यास सहा महिन्यांची मुदत देण्यात आली.

हे कलम राज्य शासनास पुष्कळ वाव देते. कोणत्या रस्त्यावर किती अंतराने ओलांडण्याची जागा असावी, शाळेसमोर उंचावलेला मार्ग कोणी बांधावा, पावसाळ्यानंतर पट्टे कोणत्या तारखेच्या आत पुन्हा रंगवले जावेत, सिग्नलवरील पादचाऱ्यांचा वेळ वृद्धांच्या चालीनुसार कोणी तपासावा आणि त्यात कसूर झाल्यास तक्रार कोणत्या अधिकाऱ्याकडे करावी, या साऱ्या बाबी नियमांत येऊ शकतात. महानगरपालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आणि पोलिसांची वाहतूक शाखा यांच्यात आज विभागलेले हे काम एकाच रस्त्यावर, एकाच पट्ट्यांच्या जागी कोणाचे आहे, हे त्यातून ठरावयाचे आहे.